बारानंतरचं दही

माझं अक्षर वाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नव्हतं, आणि चौथीनंतर आमच्या वाडीत शाळाच नव्हती. पाचवीला बदलापूर गाठावं लागे, आणि मुलीला तेवढ्या लांब कोण पाठवणार? तेव्हा ही वही कधी कोणाच्या हाती पडली, तर चुका पोटात घालाव्यात. पानांवर जागोजागी निळे डाग दिसतील, ते शाईचे नाहीत. मी घरी बसून जीन्सचे धागे काढते. कोऱ्या जीन्सचा रंग बोटांना लागतो आणि बोटांचा रंग ज्याला त्याला लागतो. वही माझ्या प्रज्ञाची आहे, सातवीतली. पुढे तिचा भूगोल आहे, मागची पानं कोरी राहिली होती.

मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. तसं येतं म्हणा, पण चारजणांत तोंड उघडायची वेळ आली की घसा आवळतो. भाजीवालीशी घासाघीस करायचीसुद्धा मला लाज वाटते. ती सांगेल तो भाव देऊन मी मोकळी होते. आमचे हे म्हणतात, "तुला घेऊन बाजारात गेलं की खिसा आधी रडतो."

परवा आषाढ पौर्णिमा झाली. वर्षावास लागला. आता आश्विन पौर्णिमेपर्यंत, तीन महिने, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. सतरंजीला ओलसर वास येतो, दाराशी छत्र्यांचं तळं साचतं, ट्यूबलाइटभोवती पाकोळ्या फिरतात आणि वाचणाऱ्या बाईच्या पानावर टपकन पडतात. बायका आळीपाळीने वाचतात, एकेक पान. माझी पाळी आली की मी उठून समईत तेल घालायला जाते. आता सगळ्यांना ते ठाऊक झालंय. शोभाताई, आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, माझ्यावरून पुस्तक तसंच पुढच्या बाईकडे सरकवतात.

ते दिवस मला फार आवडायचे. ऐकणं हे माझं काम आहे, असं मला तिथे वाटायचं. यंदा मात्र पहिल्या संध्याकाळी सतरंजी उलगडली आणि गेल्या वर्षीचं ते दुकान डोळ्यांसमोर आलं.

*

ते दुकान आमच्या उल्हासनगरच्या कॅम्प पाचातच, मोठ्या रस्त्यावर, आधी जिथे चेन आणि बटणं मिळायची त्या गाळ्यात उघडलं. एका आठवड्यात जुनी फळी गेली, काचेचं दार आलं, आत नारिंगी खुर्च्या आल्या. आमच्या रस्त्यावर खुर्ची म्हणजे दुकानदाराची. गिऱ्हाईक उभं. त्यामुळे त्या खुर्च्या पाहून मला पहिल्यांदा वाटलं की दाताचा दवाखाना असेल.

प्रज्ञाने पाटी वाचली. "फ्रोझन योगर्ट. म्हणजे गोठवलेलं दही, आई."

"दही गोठवून विकतात?"

"ऐंशी रुपयांना कप."

"ऐंशी रुपयांत महिनाभर घरी दही लागेल."

"पण त्याच्यावर किवी घालतात," ती म्हणाली. किवी म्हणजे काय ते मी विचारलं नाही. तिला माहीत असलेलं मला माहीत नाही, हे मी शक्यतो एका दिवसात दोनदा कबूल करत नाही.

म्हणजे किंमत मला ठाऊक होती. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे मी स्वतःला वाचवायला बसेन तेव्हा हे उपयोगी पडेल.

दोन महिने मी त्या काचेसमोरून येत-जात होते. डोक्यावर जीन्सचं गाठोडं. कारखान्यातून धागे काढायला माल आणायचा, काढून परत न्यायचा. गाठोडं डोक्यावर असलं की मान वळवता येत नाही, पण डोळे वळतात. आत एक मुलगी काळा एप्रन घालून उभी असायची. ती एक दांडी खाली ओढायची आणि पांढरं दही वळत वळत कपात उतरायचं, चकलीचा सोऱ्या उलटा धरल्यासारखं. बाहेर नाल्याचं पाणी रंगाच्या कारखान्यांमुळे कधी निळं, कधी जांभळं. आत ते एवढं पांढरं. मी रोज बघायची. बघण्यात काही पाप नाही, असं म्हणायची.

त्या वर्षी तापाची साथ होती. लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते, गार खाऊ नका असं जो तो सांगत होता. दुकान उघडलं आणि ओस पडलं. त्या मुलीचं मला वाईट वाटायचं. हेही खरंच आहे, पण हेही मी स्वतःला वाचवायलाच लिहिते आहे की काय, कळत नाही.

*

आता गयामावशींबद्दल लिहिलं पाहिजे. त्यांच्याशिवाय हे सगळं एका कपाचीच गोष्ट राहील.

गयामावशी आमच्याच चाळीत, माझ्यापासून तिसऱ्या दारात राहतात. माझ्या माहेरच्या बाजूच्या, वांगणीकडच्या. सत्तरी ओलांडली आहे. वर्षावासाच्या समाप्तीला, आश्विन पौर्णिमेला, विहारात भन्तेजींना भोजनदान असतं आणि मग सगळ्या वस्तीला खीर. ती खीर गेली पंचवीस वर्षं गयामावशी करायच्या. तांदळाची, वीस लिटर दुधाची. त्या माप घेत नसत. हाताने तांदूळ उचलत, हातानेच साखर सोडत, आणि पळी उभी करून बघत. पळी पडायला किती वेळ लागतो, त्यावर त्यांना कळे. लहान मुलं दुसऱ्यांदा रांगेत उभी राहिली की त्या ओळखत, तरी वाढत. "तुझा जुळा भाऊ मघाशी येऊन गेला, बरं का," एवढंच म्हणत.

मी त्यांच्या हाताखाली असायची. भांडी घासणं, तांदूळ निवडणं, चुलीला लाकूड सरकवणं. बोलायला लागत नसे. त्या एकट्याच दोघींपुरतं बोलत.

दुधाचे पैसे घराघरांतून गोळा होत, वीस-वीस रुपये. ते कोणाकडे ठेवायचे, यावर गेल्या वर्षी थोडी चर्चा झाली. शोभाताई म्हणाल्या, "मंदाकडे द्या. ती स्वतःशीसुद्धा बोलत नाही, पैशाचं कोणाला सांगणार?" सगळ्या हसल्या. मीही हसले. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघींनी माझ्या गप्प राहण्याला किंमत दिली होती. रुमालात बांधून ते पैसे मी कमरेला खोचले, तेव्हा मला शाळेत वर्गप्रमुख झाल्यासारखं वाटलं. शाळेत असताना मी कधीच झाले नव्हते.

*

भाद्रपद पौर्णिमा. सकाळी विहारात आम्ही आठ-दहाजणींनी अष्टशील घेतलं होतं. पांढरी साडी, साधा दिवस, आणि दुपारी बारानंतर जेवायचं नाही. पाणी चालतं, गाळलेलं सरबत चालतं. साडेअकराला जेवले, बारा वाजता चूळ भरली. मन कसं धुतल्यासारखं झालं होतं.

तीनच्या सुमारास मी डेअरीवर निघाले, आश्विन पौर्णिमेचं दूध सांगून पैसे भरायला. एवढं दूध आधी सांगावं लागतं. वाटेत सर आली. छत्री होती, पण रस्त्यावरून रिक्षा गेली की चिखल उडत होता आणि साडी पांढरी. मी त्या दुकानाच्या छपराखाली उभी राहिले. ते दुकान सोडून अलीकडे किराणावाला होता, पलीकडे टेलर होता. त्यांनाही छप्पर होतं.

काचेचं दार उघडलं.

"आंटी, अंदर आ जाओ ना. भीग जाओगे."

मी मानेनेच नको म्हटलं. ती हसली. विशीतली असेल. "अरे, टेस्ट तो करो. टेस्ट करने का पैसा नहीं लगता. सुबह से कोई नहीं आया."

आणि तिने एक कागदाचा एवढासा कप पुढे केला, अंगठ्याएवढा, आत छोटा चमचा. समोर आलेला हात परत पाठवायची मला सवय नाही. मी घेतला. तोंडात घातला.

काय सांगू. आधी नुसतं गार. मग आंबट, अगदी घरच्या दह्याचं आंबट, आईने मडक्यात लावलेल्या दह्याची वरची साय असते तसं. मग गोडी, तीही जपून. आणि मग ते नव्हतंच, जिभेवरून कधी गेलं ते कळलंच नाही. वाडीत थंडीच्या दिवसांत मडक्यातलं दही सकाळी असंच गार असायचं. शाळेत जायच्या आधी आई बोटभर द्यायची. चौथी संपली, तसं सकाळचं दहीही संपलं. घाईने कुठे जायचंच नव्हतं.

"कैसा है?"

मी मान हलवली.

"बनाऊँ एक?"

मी मान हलवली. मला "किती झाले" असं विचारायचं होतं, "आज नको" म्हणायचं होतं. पण फुकट चाखून निघून जायचं कसं? ती काय म्हणेल? आणि मान आधीच हलून गेली होती.

"किवी डालूँ? चेरी? बदाम? चॉकलेट चिप्स?" ती प्रत्येकाला विचारत होती आणि मी प्रत्येकाला मान हलवत होते. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशाच ठरल्या. लग्नाला मान हलवली, उल्हासनगरला यायला मान हलवली. किवी हिरवी असते आणि तिच्यात काळे दाणे असतात, हे मला तेव्हा कळलं.

"एक सौ बीस, आंटी."

माझ्या स्वतःच्या बटव्यात अठरा रुपये होते. मी रुमाल सोडला.

तिने पैसे घेतले, आणि मी कप उचलून उभ्या-उभ्याच खायला लागले, तर ती काउंटरमागून बाहेर आली, एक नारिंगी खुर्ची ओढली आणि फडक्याने पुसली. "बैठो ना आंटी. खड़े-खड़े कौन खाता है?"

मी बसले. बाहेर पाऊस, आत मशीनचा घुमल्यासारखा आवाज. मला कोणी खुर्ची ओढून दिल्याचं आठवत नाही, ना त्याआधीचं, ना नंतरचं. मी सावकाश खाल्लं. पहिला चमचा मान हलवून खाल्ला असेल. शेवटचा तसा खाल्ला नाही. शेवटी कप वाकडा करून तळाशी उरलेलं पाणीसुद्धा प्यायले. हे महत्त्वाचं आहे. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मला ते आवडलं होतं.

कप खाली ठेवला तर त्याच्यावर माझी निळी बोटं उमटली होती, चार इकडे, एक तिकडे. आणि पांढऱ्या साडीच्या निरीवर चेरीचा लाल ठिपका. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

*

एका कपात किती शीलं मोडतात, ते मी मोजलं आहे. अवेळी खाल्लं, हे एक. जे माझं नव्हतं ते घेतलं, हे दुसरं. तिसरं संध्याकाळी मोडलं.

डेअरीवर गेले. भैयाने विचारलं, "बीस लिटर ना?" मी म्हटलं, "सोलह." मला आठवतं, तो शब्द फार स्पष्ट निघाला. घसा अजिबात आवळला नाही.

आणि संध्याकाळी विहारात वाचन चालू असताना मी निरीचा ठिपका घडीत दाबून बसले होते. गयामावशी शेजारी येऊन टेकल्या. त्यांनीही अष्टशील घेतलं होतं, त्या वयात. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "मंदे, तोंड का गं उतरलंय? उपास बाधला का?"

"हो, मावशी."

त्यांनी पदराखालून पितळेचा छोटा गडू काढला. लिंबाचं सरबत, गाळून आणलेलं, स्वतःसाठी. "घे. मला कुठं लागतंय. मी दुपारभर झोपूनच होते."

मी प्यायले. तो गडूही मी पूर्ण रिकामा केला.

*

आश्विन पौर्णिमेला पहाटेच डेअरीचे कॅन विहाराच्या मागच्या अंगणात आले. मी एकटीच होते. सोळा लिटर दूध मोठ्या पातेल्यात ओतलं तर ते दरवर्षीच्या रेघेच्या खाली राहिलं. पातेल्याला आतून एक रेघ पडलेली आहे, इतक्या वर्षांच्या वीस लिटरांनी पाडलेली. ती रेघ मी विसरले होते. मावशी विसरल्या नसत्या.

मी नळाखालून चार तांबे पाणी आणून ओतलं. दूध रेघेला लागलं.

मावशी आल्या, बघितलं, चूल पेटवली. तांदूळ सोडले, ढवळत राहिल्या. नऊ वाजले, दहा वाजले. पळी उभी करत आणि पळी लगेच पडे. त्या कपाळावर आठ्या घालून परत ढवळत. "आज दूध आटंनाच झालंय," त्या म्हणाल्या. मी लाकूड पुढे सरकवलं. अजून तासभर आटली असती तर दाट झालीही असती. पण भन्तेजींनाही बारानंतर चालत नाही. अकराला पान वाढायलाच हवं. शोभाताई दोनदा डोकावून गेल्या. "मावशी, आटपा. बाराच्या आत व्हायला हवं."

साडेअकराला खीर तशीच वाढली.

भन्तेजींनी शांतपणे खाल्ली. वस्तीची पंगत बसली तेव्हा मात्र एकजण मागून म्हणाला, "मावशी, चमचा राहू द्या, ग्लासच द्या." पंगत हसली. शोभाताईंच्या जाऊबाई म्हणाल्या, "यंदा खीर का पेज, मावशी?" पोरंसुद्धा त्या वर्षी दुसऱ्यांदा रांगेत आली नाहीत.

मी पाण्याचा जग घेऊन वाढत होते. पाणीच वाढत होते मी, सकाळपासून.

मावशी आधी म्हणाल्या, "दूधच पातळ होतं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो क्षण मला दिला होता. मी जगमधलं पाणी दुसऱ्याच्या पेल्यात ओतलं. मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझंच चुकलं. तांदूळ धुतले तेव्हा पाणी निथळायला विसरले असेन. डोळ्यांना आताशा दिसत नाही, हाताला अंदाज राहिला नाही."

आणि पळी पातेल्याच्या काठाला टेकवून ठेवली.

*

पैसे परत करायचे हे मी त्याच रात्री ठरवलं. एकदम टाकले तर कोणाच्या तरी लक्षात येईल, म्हणून दर पौर्णिमेला विहाराच्या दानपेटीत दहाची एक नोट. धाग्याच्या कामातली, घरखर्चातली नाही. कार्तिकापासून सुरू केलं. बारा नोटा. नोट चिमटीत धरून फटीत सरकवायची, ती आत पडताना आवाज करत नाही. मला वाटायचं, आवाज झाला असता तर बरं झालं असतं.

पण वर्षभर मला त्या नोटांपेक्षा तिसऱ्या दारातून येणारे आवाज जास्त ऐकू आले. मावशींच्या घरी आधी फोडणीचा आवाज आणि मावशींचा आवाज एकदमच यायचा. आता फक्त हाक यायची, "सुनबाई, मीठ बघून जा गं." आमटीत मीठ घालायला सुनेला हाक. पोळीची कणीक भिजवायला सुनेला हाक, पाणी किती घालू? एकदा मी मिरच्या द्यायला गेले, तर मावशी भाताच्या पातेल्यावर वाकून बोटाचं पेर बुडवून पाणी मोजत होत्या. काढलं, परत बुडवलं, परत काढलं. पन्नास वर्षं भात शिजवणारी बाई. मला पाहिलं आणि लाजल्या. "म्हातारपण, दुसरं काय," म्हणाल्या.

त्यांच्या हाताला काही झालेलं नव्हतं. हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

मी तीनदा सांगायला गेले. एकदा घरचं दही वाटीत घेऊन गेले, म्हणजे विषय निघेल. मावशींनी दही चाखलं आणि विचारलं, "बरं लागलंय ना गं? मला आता कळंना झालंय." मी मान हलवली आणि परत आले. एकदा दाराशी पोचले तर जावई आलेले होते. एकदा काहीच कारण नव्हतं. नुसती परत फिरले.

ते दुकान अजून आहे. साथ गेली, आता संध्याकाळी पोरं-पोरी असतात आत. मी पलीकडच्या फुटपाथने जाते. प्रज्ञाच्या वाढदिवसाला तिने हट्ट धरला तेव्हा मी ह्यांना तिच्यासोबत पाठवलं. परत आल्यावर ती म्हणाली, "आई, तू एकदा खाऊन बघायला पाहिजे होतं." मी जीन्स उलटी करून शिवणीतला धागा शोधत बसले.

*

आज श्रावण पौर्णिमा झाली. अकरावी नोट टाकली. यंदा मध्ये अधिक महिना आला, त्यामुळे बारावी नोट बरोबर भाद्रपदातच येते आहे. त्याच पौर्णिमेला.

लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, वहीत आलं की पोटातून जाईल. तसं होत नाही. वही मला ओळखते, मावशींना ओळखत नाही.

*

काल भाद्रपद पौर्णिमा होती. थोडं लिहायचं राहिलंय.

वंदना झाली, अष्टशील घेतलं. मग शोभाताईंनी आश्विन पौर्णिमेचा विषय काढला. भाजी कोण, पोळ्या कोण. खिरीपाशी आल्या तशा जरा थांबल्या. "यंदा खीर आपण बाहेरून सांगू या. एक केटरर आहे, अंबरनाथचा. गेल्या वर्षीसारखी पंचाईत नको."

मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. "सांगा बाई," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताचा आता भरवसा नाही."

बारावी नोट माझ्या मुठीत होती, घामाने मऊ झालेली. मी उठले. सगळ्यांना वाटलं समईत तेल घालायला उठले. शोभाताई पुढचं बोलूही लागल्या होत्या.

"खीर मावशींनी पातळ केली नव्हती," मी म्हणाले. आवाज माझा वाटला नाही. "दूध मी कमी सांगितलं. सोळा लिटर. वर चार तांबे पाणी मी ओतलं."

मग शोभाताई म्हणाल्या, "आणि पैसे?"

"मी खर्च केले. एकशे वीस रुपये."

"कशाला गं? घरी काही अडचण होती का?" त्या खरंच काळजीने विचारत होत्या. हो म्हटलं असतं तर तिथेच निभावलं असतं. सगळ्या हळहळल्या असत्या.

"नाही. त्या नव्या दुकानात दही खाल्लं. गोठवलेलं. भाद्रपद पौर्णिमेला, साडेतीन वाजता."

कोणीतरी फिसकन हसलं. शोभाताईंच्या जाऊबाई म्हणाल्या, "अष्टशील घेऊन? बाई गं, गरीब गाय म्हणता म्हणता!" कोणी म्हणालं, एकशे वीसचं दही असतं तरी कसलं. मला ते ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. मी मावशींकडे बघत होते.

मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या.

"किती तांबे म्हणालीस?"

"चार."

"चार." त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले, मग पालथे केले. बराच वेळ बघत राहिल्या. "म्हणजे पळी बरोबर पडत होती."

"हो, मावशी."

"वर्षभर गं, मंदे." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "वर्षभर मी मिठाला सुनेला हाक मारली. लिंबाचं सरबत पाजलं मी तुला त्या दिवशी."

मला रडू आलं नाही. यायला हवं होतं, पण उभं राहण्यातच सगळं बळ गेलं होतं. माफी मागितली, तीही नीट झाली नाही, दोन शब्द पुढेमागे झाले.

मावशी भिंतीचा आधार घेत उठल्या. शोभाताईंना म्हणाल्या, "केटरर राहू द्या. दूध वीस लिटर. सांगायला मी स्वतः जाईन." मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ही येईल बरोबर. कॅन उचलायला."

बायकांत हसू फुटलं. त्या हसल्या नाहीत. दाराकडे जाताना माझ्यापाशी थांबल्या आणि माझ्या मुठीकडे बोट केलं. "ते काय धरलंयस?"

"शेवटचे दहा. बाकीचे टाकलेत, दर पौर्णिमेला."

"मग टाक की. कोणाची वाट बघतेस?"

मी दानपेटीपाशी गेले. सगळ्यांच्या देखत. नोट ओली होती, फटीत अडकली. दोन बोटांनी दाबावी लागली. पेटीच्या पांढऱ्या रंगावर एक निळा ठसा राहिला. नोट आत पडली. एकशे वीस रुपये पुरे झाले.